खबऱ्यांची काळजी कशी घ्यावी (मुख्यालयात बसून)

तुमच्याकडे सोपवलेल्या देशात गडबड सुरू झाली आहे. राजधानीत रणगाडे आलेत, विमानतळावर झुंबड आहे आणि वर्षानुवर्षं तुम्हाला बातम्या पुरवणारा माणूस बायकामुलांसह तुमच्या फोनची वाट बघतोय. घाबरू नका. घाबरायचं काम त्याचं आहे, तुमच्यापुढे फक्त कागद आहेत.

तेव्हा आधी कागदांचं बघू. ज्या कागदानं माणूस वाचेल तो जाळायचा आणि ज्यानं तो मरेल तो जपून ठेवायचा, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. ऑगस्ट 2021 मध्ये काबूलचा अमेरिकी दूतावास रिकामा करताना व्हिसासाठी जमा झालेले अफगाण लोकांचे पासपोर्ट नष्ट केले गेले. तालिबानच्या हाती पडू नयेत म्हणून. पासपोर्टांचे मालक पडले तर पडले. त्याच दिवसांत ब्रिटिश दूतावासाच्या आवारात मात्र स्थानिक कर्मचाऱ्यांची नावं-पत्ते आणि नोकरीचे अर्ज तसेच पडून राहिले. बाहेर तालिबानचा पहारा बसल्यावर एका वार्ताहराला ते सापडले. आता हा अनुभव वाया गेला असं कुणी समजू नये. एप्रिल 2023 मध्ये खार्टूममध्ये लढाई पेटली, तेव्हा अमेरिकी दूतावासानं सुदानी लोकांचे पासपोर्ट लगोलग कागद कातरायच्या यंत्रात घातले.

यंत्रावरून आठवलं. गालिचे विणणाऱ्या देशात कागदांच्या उभ्या पट्ट्या करू नयेत. तेहरानमध्ये 4 नोव्हेंबर 1979 ला अमेरिकी दूतावास इराणी विद्यार्थ्यांच्या ताब्यात गेला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी घाईघाईनं कागद कातरले होते. विद्यार्थ्यांनी विणकर बसवले, पट्टीला पट्टी जुळवली आणि पुढे त्या गुप्त कागदांचे खंडच्या खंड छापून विकायला ठेवले. तुमच्या कार्यालयात इतकी चिकाटी शेवटची कधी दिसली होती?

ही सगळी जुनी, कष्टाची पद्धत. आता एका क्लिकवर काम होतं. सप्टेंबर 2021 मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यानं, अफगाणिस्तानातून बाहेर पडू बघणाऱ्या 245 जणांना एकच ईमेल पाठवला, तोही असा की प्रत्येकाला बाकीच्या सगळ्यांचे पत्ते दिसावेत. खात्याला साडेतीन लाख पौंड दंड झाला. एका सरकारी कार्यालयानं दुसऱ्याला केलेला दंड, म्हणजे पैसा घरातच राहिला. फेब्रुवारी 2022 मध्ये तर त्याच खात्यातून, ब्रिटनमध्ये आसरा मागणाऱ्या जवळपास 19 हजार अफगाण अर्जदारांची एक्सेल फाइल बाहेर गेली. त्यात दुभाषे होते, सैनिक होते. सगळे काही हेर नव्हते, पण तो फरक तालिबानला समजावून सांगायला कोण जाणार? फाइल फुटल्याचं सरकारला ऑगस्ट 2023 मध्ये कळलं, फेसबुकवरून. मग मात्र यंत्रणा हलली. अशी हलली, की न्यायालयानं थेट असा मनाई हुकूम काढला, ज्यात मनाई आहे हे सांगण्यालाही मनाई होती. तो जुलै 2025 पर्यंत टिकला. त्या यादीतल्या लोकांनाही आपलं नाव फुटल्याचा पत्ता नव्हता. गुप्तता राखता येत नाही असं कोण म्हणतं? कार्यालयाची चूक असली की राखता येते.

आता कुटुंब. इथे एका वाईट उदाहरणापासून सावध राहा. ओलेग गोर्डिएव्हस्की हा केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत हेरखात्याचा अधिकारी ब्रिटिशांना फितूर होता. तो अडचणीत आलाच तर मॉस्कोतल्या ठरलेल्या जागी सेफवे या ब्रिटिश दुकानाची पिशवी घेऊन उभा राहील, एवढ्या भरवशावर ब्रिटिश अधिकारी वर्षानुवर्षं दर मंगळवारी संध्याकाळी तिथून चक्कर मारत. तो देशाबाहेर नेमलेला असतानाही! मनुष्यबळाची केवढी ही नासाडी. जुलै 1985 मध्ये तो खरोखर पिशवी घेऊन उभा राहिला आणि त्यांनी त्याला गाडीच्या डिकीत घालून फिनलंडला नेलंसुद्धा. सीमेवरच्या कुत्र्यांना चकवायला एका अधिकाऱ्याच्या बायकोनं डिकीच्या झाकणावरच तान्ह्या बाळाचं लंगोट बदललं. असा पायंडा पडला तर उद्या प्रत्येक खबऱ्या डिकी मागेल. तरी समाधानाची गोष्ट आहे: त्याची बायको आणि दोन मुली मागेच राहिल्या. सहा वर्षांनी, सप्टेंबर 1991 मध्ये त्या बाहेर पडल्या.

मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न पडू देऊ नका. काहीच सांगायचं नाही. स्लोव्हेनियात अर्जेंटिनाचे म्हणून राहणाऱ्या रशियन हेर जोडप्याच्या मुलांना आपण रशियन आहोत हे 1 ऑगस्ट 2024 ला कळलं, मॉस्कोच्या विमानात. उतरल्यावर स्वागताला पुतिन. हे गृहस्थ कोण, हे मुलांना ठाऊक नव्हतं, असं क्रेमलिननंच सांगितलं.

उरला पैशाचा विषय, आणि त्यात कायदा तुमच्या बाजूला आहे. जुलै 1861 मध्ये, यादवी नुकती पेटलेली असताना, लिंकन यांनी एका हेराला महिना 200 डॉलर कबूल केले. तो दक्षिणेत हिंडून खबरा काढत राहिला आणि त्याला मिळाला निव्वळ खर्च. त्याच्या पश्चात त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकानं दावा लावला. 1876 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असा करार गुप्त असतो आणि दावा लावणं हाच गुप्ततेचा भंग. 2005 मध्ये त्याच न्यायालयानं, त्याच आधारावर, आणखी एका हेर जोडप्याला एकमतानं रिकाम्या हाती परत पाठवलं. आपल्याकडचं उदाहरण त्याहून सरस आहे. टपाल खात्यातला एक माणूस, त्याच्या म्हणण्यानुसार, गुप्तचरांच्या सांगण्यावरून पाकिस्तानात गेला, पकडला गेला, तुरुंगात पडला. इकडे खात्यानं त्याला बडतर्फ केलं. कारण: विनापरवानगी गैरहजर. सप्टेंबर 2022 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला 10 लाख रुपये द्यायला लावले; आमचा याच्याशी काही संबंध नाही, असंच सरकारचं म्हणणं होतं. हजेरीपुस्तकाला मानलं पाहिजे. ते सीमेपलीकडेही लागू होतं.

शेवटी तुमच्या निवृत्तीचं. आठवणी लिहा, पण आधी दाखवून घ्या. 30 एप्रिल 1975 ला सायगाव (दक्षिण व्हिएतनामची राजधानी) पडलं, तेव्हा आपल्यासाठी काम केलेले व्हिएतनामी सीआयएनं कसे मागे टाकले, हे तिच्याच फ्रँक स्नेप या अधिकाऱ्यानं लिहिलं. त्यानं एखादं गुपित फोडलं असा सरकारचा आरोपसुद्धा नव्हता. छापण्यापूर्वी परवानगी घेतली नाही एवढाच गुन्हा. 1980 मध्ये न्यायालयानं त्याची पुस्तकाची सगळी कमाई सरकारजमा केली. मागे राहिलेल्या खबऱ्यांबद्दल मात्र कुणाच्या पगारातून एक दिवसही कापला गेल्याची नोंद नाही. तेव्हा छपरावरून माणसं उचलणाऱ्या हेलिकॉप्टरवर एक प्रकरण खुशाल लिहा, वाचकांना ते आवडतं. फाटकाबाहेरच्या रांगेचं प्रकरण गाळा.