माझ्या इंजिनाच्या सुया फिरवणाऱ्यांनो, हात बाजूला!

एकदाच सांगतो, आणि ओरडूनच सांगतो: हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर पेट्रोल कमी-जास्त करायच्या दोन सुया दिसतात (एल कमी फेऱ्यांची, एच जास्त फेऱ्यांची) म्हणून पेट्रोल इंजिनाचं प्रत्येक दुखणं त्या सुयांचंच असतं असं नाही. मोठं मॉडेल विमान, ५५ सीसीचं इंजिन, पुढे २२ इंची प्रॉप, म्हणजे पंखा. मधल्या थ्रॉटलवर ते जरा अडखळलं की मैदानावरचे सगळे डॉक्टर होतात. एक म्हणतो रिच आहे, पेट्रोल जास्त होतंय. दुसरा म्हणतो छे, चक्क लीन आहे, कमी पडतंय. तिसऱ्याने इंजिन धड ऐकलेलंही नसतं, तो खुर्चीतूनच ‘एच थोडी उघड रे’ म्हणून मोकळा होतो. पेट्रोलमध्ये तेल कुठल्या प्रमाणात आहे, टाकीतली नळी कधी बदलली, इंजिन नवं आहे की मुरलेलं, यातलं एक अक्षर कुणी विचारत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मला त्या बिचाऱ्या कार्ब्युरेटरचीच दया येते. त्याचं कुळ चेनसॉचं. करवत आडवी धरा, उलटी धरा, झाडाच्या फांदीत तिरकी घुसवा, इंजिन बंद पडता कामा नये, यासाठी तो घडवलेला. त्यात पेट्रोल साठवायची वाटी नाही, तिची पातळी राखणारा फ्लोट नाही. क्रँककेसमध्ये दर फेरीला जो दाब वर-खाली होतो त्याच्या ठोक्यावर एक पातळ पडदा हलतो आणि पंपाचं काम करतो. दुसरा पडदा इंजिन ओढेल तेवढंच पेट्रोल आत सोडतो. वॉल्ब्रो कंपनीच्या धाटणीचे हे कार्ब्युरेटर विमानात म्हणूनच शोभतात, कारण विमान उलटं झालं काय आणि नाकावर उभं राहिलं काय, त्यांना फरक पडत नाही. इतकं शहाणं यंत्र, आणि त्याला छळायला खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरणारे आम्ही.

आता ग्लो इंजिनवाली जुनी मंडळी, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या प्लगवर इंधन पेटवणाऱ्या छोट्या इंजिनांची. त्यांचा मान राखून बोलतो, पण बोलतो. ‘मफलरचं प्रेशर टाकीला दे, मग बघ कसं पळतं.’ अहो, याला स्वतःचा पंप आहे! मफलरची नळी टाकीला जोडायचं कामच नाही. टाकीला साधी हवा खायला एक भोक पुरतं. ‘नळी चिमटून बघ, आवाज चढला तर रिच.’ तेही टाकीच्या दाबावर चालणाऱ्या इंजिनाला ठीक. इथे नळी आणि पेट्रोल बाहेर सोडणारं जेट यांच्यामध्ये पंप आणि पडद्याचा अख्खा संसार बसलाय, चिमटीचा परिणाम कधी आणि किती पोचेल याचा भरवसा काय? आणि ग्लोच्या सिलिकॉन नळ्या पेट्रोलला लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं? फुगतात, मऊ पडतात, जोडावरून निसटतात. तरी कुणीतरी ‘तेवढ्यापुरती’ म्हणून लावतोच, आणि इंजिन हवा ओढायला लागलं की पुन्हा बोट सुयांकडे.

बरं, सुया फिरवायच्याच तर निदान त्या काय करतात ते तरी माहीत असावं. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की एल म्हणजे खालचं, एच म्हणजे वरचं, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. आहे! पूर्ण थ्रॉटलवरसुद्धा एलच्या वाटेने पेट्रोल येतच असतं. एल फिरवली की वरचंही बदलतं. म्हणून आधी एल लावायची, आयडल (थ्रॉटल बंद असतानाची संथ चाल) आणि थ्रॉटल उघडतानाचा उठाव नीट झाला की एचकडे जायचं, मग परत एल तपासायची. हे साहेब काय करतात? पूर्ण थ्रॉटल देऊन एच किंचाळेपर्यंत आवळतात. मग आयडलवर इंजिन मरतं, म्हणून एल उघडतात. मग मध्ये फडफडतं, म्हणून परत एच. शेवटी कुठली सुई किती आटे होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मग ‘पहिल्यापासून मोजू’ म्हणून सुई अशी गच्च आवळून बंद करतात की तिच्या टोकाला कडं पडतं. हलक्या हाताने टेकेपर्यंतच बंद करायची असते हो ती! टेकली की थांबायचं आणि तिथून साधारण सव्वा ते दीड आटा उघडून सुरुवात करायची. एकदा टोक बिघडलं की पुढचं ट्यूनिंग म्हणजे जुगार.

आणि वेळ द्या जरा त्याला. अष्टमांश आटा फिरवला की थांबा, इंजिन स्थिर होऊ द्या, थ्रॉटल खाली-वर करून ऐका. इथे एका दमात पाव आटा इकडे, अर्धा तिकडे, रेडिओचं स्टेशन लावल्यासारखं.

तेलाचा गोंधळ तर डोक्यात जाणारा आहे. ‘इंजिन लीन वाटतंय? मग पेट्रोलमध्ये तेल वाढव, रिच होईल.’ हे ऐकलं की मला चक्कर येते. रिच-लीन हे हवा आणि पेट्रोलचं नातं आहे, तेलाचं नाही. तेल वाढवलं की त्याच भोकातून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी झालं, वर मिश्रण दाट झालं. म्हणजे इंजिन आणखी लीन! ३२:१ (३२ भाग पेट्रोलला एक भाग तेल) वरून ४०:१ वर गेलात किंवा उलटे आलात तर सुया परत बघाव्या लागतात, हे साधं गणित आहे. पण गणित कोण करतो? हातात पेटंट उत्तर असलं की झालं.

आता खरा राग कशाचा आहे ते सांगतो. हवेची गळती. माझं इंजिन थंड असताना छान आयडल करायचं, तापलं की आयडल आपोआप चढायचा. थ्रॉटल खाली ओढला तरी आवाज वरच लटकून राहायचा, मग सावकाश खाली यायचा. हे लक्षण ओरडून सांगत असतं की कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे. पण मैदानावर एकमत: ‘एल लीन आहे, उघड.’ उघडली. थोडं बरं वाटलं, म्हणून आणखी उघडली. मग थंड असताना इंजिन गुदमरायला लागलं, प्लग काळा ओला निघाला, आणि आता तेच लोक म्हणतात ‘फार रिच केलंस तू.’ मी केलं? मी?

घरी येऊन काऊल, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काढला, कार्ब्युरेटर हलवून बघितला, तर तो चक्क हलत होता. एक सिलिंडरच्या इंजिनाचा थरकाप असतोच तसला, बोल्ट सैल होतात. कार्ब्युरेटर आणि रीडच्या (एकतर्फी झडपेच्या) ठोकळ्यामधलं गॅस्केट एका कोपऱ्यात दबून फाटलं होतं. नवीन गॅस्केट घातलं, त्यातलं दाबाचं बारीक भोक ठोकळ्यातल्या भोकाशी जुळवलं (ते उलटं बसवलं तर पंपाला ठोकाच पोचत नाही, आणि मग परत ‘सुया बघ’), बोल्टला लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावून आवळलं. सुया मूळच्या जागी आणल्या. आयडल १६०० वर खिळला, तापलं तरी तिथेच. इतक्या चर्चा झाल्या, त्यात एकाही माणसाला ‘बोल्ट घट्ट आहेत का’ हे विचारावंसं वाटलं नाही. त्याचं कारणही आहे म्हणा. त्या बोल्टना ऍलन की लागते, आणि ती कुणाच्या खिशात नसते.

तसंच इंजिन हिवाळाभर कोपऱ्यात पडून राहिलं की आतला पडदा ताठ होतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तसंच आत ठेवलं असेल तर बघायलाच नको. पंपाच्या झाकणाखाली एक चिमुकली जाळी असते, ती कचऱ्याने बुजते. प्लगची टोपी नीट बसली नसेल किंवा इग्निशनची बॅटरी उतरली असेल तर वरच्या फेऱ्यांवर इंजिन असं काही तुटक बोलतं की अगदी लीनचाच भास होतो. या सगळ्यांवर जनतेचा उपाय एकच. सांगायला हवा का?

काऊलचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण इथे भले भले फसतात. उघड्यावर ठेवून इंजिन मस्त लावलं. काऊल चढवला, उडवलं, आणि वर गेल्यावर सूरच बदलला. पेट्रोल मापणाऱ्या त्या पडद्याच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, बाहेरच्या हवेचा दाब किती हे पडद्याला कळावं म्हणून. विमान वेगात असताना काऊलच्या आतला दाब बाहेरच्यासारखा राहत नाही, वेगाबरोबर बदलत राहतो. पडदा बिचारा त्या खोट्या दाबावर विश्वास ठेवतो आणि पेट्रोल कमी-जास्त सोडतो. यावर उपाय वर्षानुवर्षं ठाऊक असलेला आहे: झाकणाला पितळी नळीचा तुकडा डाख देऊन जोडायचा आणि तिथून एक नळी धडाच्या आत न्यायची, जिथे हवा शांत असते. अर्ध्या तासाचं काम. त्याऐवजी लोक काय करतात? उडवायचं, उतरवायचं, सुई फिरवायची, परत उडवायचं, दिवसभर. आणि काऊलला पुढे भलंमोठं तोंड ठेवून मागे हवा बाहेर जायला बोटभर फट ठेवणाऱ्यांना तर मी काही बोलतच नाही. बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा दुप्पट-तिप्पट लागते. गरम हवा कोंडली की इंजिन तापतं, ढेपाळतं, आणि दोष परत मिक्स्चरला.

टॅकोमीटर, म्हणजे पात्यांमुळे होणारी उजेडाची उघडझाप मोजून फेऱ्या सांगणारं मीटर, दाखवून वाद घालणारेही भेटतात. एकाने वर्कशॉपमध्ये ट्यूबलाइटखाली मोजून मला ठणकावून सांगितलं होतं, ‘बघ, बरोबर ३०००.’ दादा, इंजिन बंद करून परत मोज, तरी ३००० च येतील. ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि दोन पात्यांच्या सेटिंगवर मीटर तेच मोजतं.

आणि सर्वांत भीतीदायक म्हणजे चालू इंजिनाच्या समोरून वाकून सुया फिरवणारे. २२ इंची प्रॉप ७००० फेऱ्यांवर असताना त्याचं टोक ताशी ७०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असतं. हे महाशय बाही लोंबकळत ठेवून, पात्याच्या वरून हात घालून ‘जरा थांब, होतंच आहे’ म्हणतात. मागे या! विमान नीट बांधा, प्रॉपच्या मागे बसा, आणि शक्य तर इंजिन बंद करून मगच सुईला हात लावा. मी हे ओरडून सांगितलं तर मलाच ‘फार घाबरतोस बुवा’ ऐकावं लागतं.

या सगळ्यावर कळस मध्यंतरी झाला. विमान तयार ठेवून मी ट्रान्समीटर आणायला गेलो. परत आलो, इंजिन चालू केलं, आवाज जरा जास्तच धारदार वाटला, पण वारा होता, मागे दुसरं विमान गरजत होतं. उडवलं. दुसऱ्या चढाईत सूर पातळ झाला, ओढ गेली आणि प्रॉप थांबला. आठेक किलोचं विमान, खाली उंचसखल गवत. कसंबसं आणलं, पण लँडिंग गिअर तळाच्या प्लायसकट उखडून आलं. तेव्हा एक सद्गृहस्थ हसत म्हणाले, ‘अरे, मघाशी मीच एच थोडी बंद केली होती, जमिनीवर जरा रिच वाटत होतं.’

जमिनीवर रिच वाटायलाच हवं होतं! जमिनीवर सर्वांत जास्त फेऱ्या जिथे मिळतात तिथून २०० फेऱ्या खाली, रिचच्या बाजूला मी मुद्दाम ठेवलेलं होतं. हवेत प्रॉपवरचा भार हलका होतो, फेऱ्या वाढतात, इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, कारण तेल त्यातूनच येतं. पिस्टनला चरे पडले असते तर कुणाच्या नावाने खडे फोडायचे होते मी? वर त्यांचा सल्ला तयार: ‘कशाला ही कटकट, इलेक्ट्रिक बसव.’ बसवीन की. मग तुम्ही फिरवणार काय?

आता मी दोन्ही सुयांच्या डोक्यापासून कार्ब्युरेटरपर्यंत नेलपॉलिशची लाल रेघ मारून ठेवली आहे. कुणी हात लावला की रेघ मोडते आणि मला लगेच कळतं. थंडी पडली, हवा दाट झाली, तेव्हा मी स्वतः एच अष्टमांश आटा उघडली आणि नवी रेघ मारली. बाकी काही नाही, इंजिन घड्याळासारखं चालतंय. काल एकाने वाकून बघितलं. ‘ही रेघ कसली रे?’ मी सगळं समजावून सांगितलं, गॅस्केटपासून थंडीपर्यंत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, ‘बरोबर आहे तुझं. पण एल थोडी आवळून बघू या का?’