आजोळ, टेक्सासच्या साइटवर

घरच्या ग्रुपवर मावसभावाने निकाल देऊन टाकला : 'इंग्रजांचे जुने नकाशे हवेत कुणाला? गूगल उघडा की!' विषय होता कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीच्या वनहक्क दाव्याचा. पुराव्यासाठी कुणीतरी जुनी टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-वस्त्या दाखवणारा तपशीलवार नकाशा, शोधत होतं.

दादा, गूगलवर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय दिसतो, त्याखाली बुडालेलं आपलं आजोळ दिसत नाही. शिवाय बिगर-आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते, आणि नकाशे त्यात पुरावा म्हणून चालतात. इतक्या मागचा फोटो कुठला सॅटेलाइट देणार?

इथे टेनेसीत मी शनिवारी पोराच्या सॉकरला बसल्या बसल्या यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी सर्वेक्षण खात्याच्या, जुन्या शीट उतरवतो. १८८४ पासूनच्या, फुकट. १:२४,००० वर घरागणिक काळा चौकोन. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात १९४४ च्या फोंटाना धरणाने गावं बुडाली, वरच्या दफनभूमी शीटवर अजून आहेत, आणि उन्हाळ्यात तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे लोक वारसांना होडीने तिकडे नेतात. आपल्याकडे मात्र २०२१ पर्यंत नकाशा काढायलाही सरकारी परवानग्या! हे सगळं ग्रुपवर लिहिलं. ऐटीतच लिहिलं.

लिहिलं नाही ते असं, की १९४३ मध्ये याच धरणग्रस्तांना रस्त्याचा शब्द दिला होता. थोडा झाला, मग थांबला, आणि २०१० मध्ये रस्त्याऐवजी तिथल्या काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, ५.२ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. त्याच डोंगरांतून १८३८ मध्ये हाकललेल्या चेरोकी आदिवासींची घरं तर कुठल्याच शीटवर नाहीत. यूएसजीएस खातंच मुळी १८७९ चं. दादाला हे सापडायला नको.

आणि आजोळ मला सापडलं ते टेक्सासच्या विद्यापीठाच्या साइटवर. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली भारताची शीट, १:२,५०,०००. त्यात कोयना अजून नदीच होती. गाव म्हणजे एक ठिपका, शेजारी इंग्रजीत वेडंवाकडं नाव. रात्री दीड वाजता मी ते तीनदा मोठ्याने वाचलं.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "देवराई कुठंय रे यात?"

त्या मापात देवराई येत नाही. आणि खरं सांगायचं तर ती ठिपक्याच्या कुठल्या अंगाला होती, तेही मला ठाऊक नाही. मी हिरव्या रंगावर कुठेतरी बोट ठेवलं. "ही बघ," म्हटलं.