मशरूमची पावडर आणि 1986 चं नोबेल

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर या आठवड्यात हा मेसेज तिसऱ्यांदा आला: "मेंदूच्या नसा वाढवणारा पदार्थ सापडला, 1986 मध्ये त्याला नोबेल मिळालं, कंपन्यांनी तो दाबला. लायन्स मेन मशरूमची पावडर दुधातून घ्या, अल्झायमर तीन महिन्यांत गायब. बाकी गोळ्या बंद." खाली हात जोडलेल्यांची रांग.

नोबेलचं खरं आहे. पण रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन या शास्त्रज्ञांना ते मिळालं पेशींच्या वाढीचे घटक शोधल्याबद्दल, अल्झायमरच्या औषधासाठी नव्हे.

दाबलं? उलट जंग जंग पछाडलं. मेसेजमधला तो पदार्थ म्हणजे 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' हे प्रथिन. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून स्वीडनमध्ये नव्वदच्या दशकात तीन रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळीत ते नळीने सोडलं. पाठ दुखायला लागली, वजन उतरलं; हेच प्रथिन वेदनेच्या नसाही चेतवतं. 2001 मध्ये कॅलिफोर्नियात रुग्णाच्याच त्वचेच्या पेशींत त्याचं जनुक घालून त्या मेंदूत सोडायला सुरुवात झाली. पुढे निरुपद्रवी विषाणूवरून ते जनुक पोचवायची चाचणी झाली. रुग्ण 49, काहींवर शस्त्रक्रियेचा नुसता देखावा. 2018 मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांत फरक नाही. नंतर दगावलेल्यांचे मेंदू तपासले, तर औषध नेमक्या पेशींपर्यंत पोचलंच नव्हतं. पंचवटीत सोडलेलं पाणी सिडकोच्या नळाला आलं नाही, तर पाण्याला नावं ठेवून काय उपयोग? कल्पना मेलेली नाही, पण औषधही झालेली नाही.

आता पावडर. मशरूममध्ये हे प्रथिन नसतंच. असतं तरी वरणासारखं पचून गेलं असतं. त्यातले काही घटक प्रयोगशाळेतल्या पेशींना ते जास्त बनवायला लावतात, एवढंच. 2009 च्या जपानी अभ्यासात जेमतेम 30 माणसं होती, तीही सौम्य विस्मरणाची. 16 आठवड्यांत गुण वाढले, पावडर थांबवल्यावर चार आठवड्यांत घसरले.

"गोळ्या बंद" वाचून मात्र माझं डोकं फिरलं. आईला डोनेपेझिल ही अल्झायमरची गोळी चालू आहे. तरी ती मेथी निवडताना देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात टाकते. गोळी चमत्कार करत नाही. पण मेंदूतल्या ज्या पेशींपर्यंत ते जनुक पोचवायचं होतं, त्या ॲसिटिलकोलीन नावाचं निरोप पोचवणारं रसायन बनवतात; ते गोळीमुळे जरा जास्त टिकतं. अचानक सोडली की उतार दिसू शकतो.

ग्रुपवरच्या एका काकांनी सोमवारपासून काकूंची गोळी थांबवलीय. आज त्यांना ट्रॅकवरच गाठलं. "पुडी महाग पडलीय हो, संपू दे," म्हणाले. म्हटलं, पावडर द्यायची की नाही तेही डॉक्टरांना विचारा, पण फोन आत्ता लावा. खंड पडल्यावर पुन्हा किती डोसने सुरू करायचं ते तेच सांगतील. त्यांचा चष्मा घरी राहिला होता, नंबर मीच लावून दिला.