डिस्क लेथवर द्यायची की बदलायची? एका कोल्हापूरकरांना उत्तर

नमस्कार कोल्हापूरकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुम्ही सरळसरळ बरोबर आहात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: माझ्या २००८ च्या स्विफ्टला मी पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क आणि त्यांना दाबून धरणारे पॅड नवे टाकले, आणि त्याबद्दल इथे लिहिलं. यावर तुमचं म्हणणं असं, की जुन्याच डिस्क लेथवर तासून घेतल्या असत्या तर सहाशे रुपयांत भागलं असतं. डिस्क वाकलेली नव्हती म्हणता, तर मग स्टिअरिंग कशानं हलत होतं? बदलायच्याच होत्या तर भोकंवाल्या डिस्क आणि सिरॅमिक पॅड का नाही टाकले? आणि दीड लाखाच्या गाडीवर एवढा खर्च करा सांगणं म्हणजे दुकानदाराची जाहिरात.

जाहिरातीचं आधी उरकतो. नाना पेठेतल्या त्या दुकानदारानं मला साधा चहाही पाजलेला नाही.

आता लेथ. ‘डिस्क लेथवर कधीही देऊ नका’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य चूक होतं, आणि आज ते काढलंय. जाडी शिल्लक असेल तर डिस्क तासून घेण्यात काहीच गैर नाही. प्रश्न शिल्लक किती, एवढाच. प्रत्येक डिस्कवर, मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेला, किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज वायरब्रशनं घासला की दिसतो. माझी डिस्क त्या आकड्यापेक्षा ०.४ मिलिमीटरनं जाड होती. लेथवाला दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ०.२ मिलिमीटर काढणार म्हणजे ती गाडीवर चढायच्या आधीच मर्यादेवर, आणि त्यानंतरची झीज सगळी मर्यादेखाली. सहाशे रुपये वाचले नसते, वाया गेले असते. तुमच्या डिस्कमध्ये दीड मिलिमीटर शिल्लक असेल तर मात्र खुशाल लेथवर न्या.

मोजताना एक गंमत होते. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, म्हणून तिथे उंचवटा तयार होतो. साध्या व्हर्नियरचे जबडे त्या उंचवट्यावर बसतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. पहिल्या मेकॅनिकनं असंच मोजून मला ‘अजून एक वर्ष आरामात’ म्हणून सांगितलं होतं. मायक्रोमीटर नसेल तर दोन सारखी नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही अंगांना उंचवट्याच्या आत धरा, त्यांच्यासकट मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा.

स्टिअरिंग कशानं हललं, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की हातात थरथर यायची, आणि गॅरेजवाल्यानं नुसते पॅड बदलून दिल्यावर ती गेली. दोन महिन्यांनी परत आली. ‘डिस्क वाकली’ हे सगळेच म्हणतात, मीही म्हणत होतो. पण बिडाची डिस्क रोजच्या वापरात पापडासारखी सहसा वाकत नाही. चाकाच्या हबवर जिथे डिस्क टेकते, तिथे गंजाचा कागदाएवढा पापुद्रा राहतो. हबवर तो नगण्य वाटला तरी पॅडच्या जागी, म्हणजे केंद्रापासून जास्त अंतरावर, त्याचा परिणाम साधारण दुप्पट होतो. डिस्क किंचित डुलत फिरते. बहुतेक गाड्यांना हे डुलणं ०.१ मिलिमीटरच्या आतच चालतं. ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कची तीच तीच जागा दर फेऱ्याला पॅडला घासत राहते आणि तेवढीच पातळ होते. कधी त्याच्या जोडीला पॅडच्या मालाचा थरही कुठे जाड, कुठे पातळ असा डिस्कवर चिकटतो. काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरत नाही, आणि तुमचा पाय ते ओळखतो. म्हणूनच त्रास काम झाल्यावर लगेच न येता दोन-तीन महिन्यांनी येतो, आणि दोष नव्या पॅडवर जातो.

थोडक्यात, हब साफ न करता लेथ मारा किंवा नवी डिस्क टाका, थरथर परत येणार. माझ्या वेळी मी शेजारी उभा राहून हब घासून घेतलं. मेकॅनिक वैतागला, पण घासलं. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांच्यावर सरकतो त्या गाईड पिनाही काढायला लावल्या. डावीकडची एक अडकली होती, म्हणून त्या बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा उरला होता. पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लागतं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

भोकंवाल्या डिस्कबद्दल माझं मत तुमच्या उलट आहे, आणि ते बदलणार नाही. तुम्ही आंबा घाटाचा दाखला दिलात, तर हिशोब घाटाचाच करू. चार माणसं आणि सामान धरून गाडी १,३५० किलो. पाचशे मीटर खाली उतरलात की साडेसहा मेगाज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जायला हवी. वीस लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला साधारण इतकीच लागते. काही भाग हवा आणि टायर खातात, दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन बरंच खातं, उरलेली डिस्कच्या लोखंडात जाते. भोकं पाडून आपण नेमकं ते लोखंड कमी करतो, वर भोकाच्या कडेपासून तडे जायची सोय करतो. स्विफ्टच्या पुढच्या डिस्क मुळातच मधून पोकळ, हवा खेळेल अशा आहेत. रोजच्या गाडीला तेवढं पुरतं.

सिरॅमिक पॅड वाईट नाहीत. आवाज कमी, काळी धूळ कमी, चाकं स्वच्छ. पण ‘सिरॅमिक’ या शब्दावरून पॅड किती धरतो हे कळत नाही. बऱ्याच पॅडवर दोन अक्षरी खूण छापलेली असते: पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरचं. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ त्याच्याही वर. मी ‘एफएफ’ घेतले. घाटात जायचं असेल तर ‘एफई’ घेऊ नका, कारण तापल्यावर ते ढिले पडतात. खोक्यावर काय लिहिलंय हे बघण्यापेक्षा ही दोन अक्षरं बघा, आणि ती नसतील तर निदान गाडीच्या कंपनीचेच पॅड घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत? ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ती किमान हमी १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. कोकणातला एक पावसाळा काढलेल्या गाडीचं ऑइल कसं असेल, तुम्हीच ठरवा. घाटात पेडल अचानक मऊ पडतं ते बहुतेक वेळा तापलेलं ऑइल असं उकळल्यामुळे, आणि त्याला नव्या डिस्कनं काहीच फरक पडत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलायचा खर्च डिस्कच्या तुलनेत किरकोळ आहे. तुमच्यासारखा हात आखडता घेणाऱ्यानं तो आधी करावा.

राहता राहिली दीड लाखाची गाडी. डिस्क, पॅड, मजुरी धरून माझे साडेपाच हजार गेले. गाडी मला विकायची नाही, तिच्यातून आईला घेऊन ताम्हिणीतून जायचं असतं.

सध्या तुम्ही कोणती गाडी चालवता ते लिहिलं नाहीत. नाणी लावून दोन्ही बाजूंच्या डिस्क मोजा, कोरलेला आकडा आणि मोजलेला आकडा दोन्ही कळवा. लेथवर भागत असेल तर मी स्वतः तसं इथे लिहीन.