खुलासा : ‘साधी गाठ’ आणि बंद केलेल्या गोळ्या

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘मेंदूतली गाठ कॅन्सरची नसेल तर माणूस दगावत नाही, गोळ्या बंद करा.’ पहिलं अर्धवट खरं, दुसरं घातक.

मेनिंजिओमाची (मेंदूच्या आवरणावर वाढणारी, बहुतेकदा कॅन्सरची नसलेली) लहान गाठ असलेले बरेचजण शेवटी हृदयविकारासारख्या दुसऱ्याच आजाराने जातात, हे मान्य. पण कवटी काही ताणत नाही. गाठ वाढली की आत दाब वाढतो, मेंदूतलं पाणी तुंबतं, फिट येतात. ऑपरेशननंतर पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकू शकते. एकच पोटरी सुजली, दम लागला तर तडक सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) गाठा.

आणि पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन ग्रंथीच्या) गाठीनंतर स्टेरॉइडची गोळी चालू असेल, तर ती मनाने थांबवू नका. बीपी कोसळून जीव जाऊ शकतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, तेही लगेच.