चोविसाव्या दिवशी फेकलेली बारा अंडी (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण फोनवर एवढं टाइप करायचं जिवावर आलं म्हणून आज लॅपटॉप उघडून बसलेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात, दादांचं म्हणणं असं की माझा टर्की पक्ष्यावरचा मागचा लेख वाचून त्यांनी टर्कीची बारा अंडी आणली, गावठी खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) कोंबडीखाली रवणीला म्हणजे उबवायला ठेवली, कोंबडीच्या अंड्याला लागतात ते 21 दिवस झाले, 22 झाले, 23 झाले, काहीच नाही, मग 24व्या दिवशी वैतागून सगळी उकिरड्यावर. शिवाय अंडी घरट्यातच राहू द्या हा माझा सल्ला अडाणीपणाचा, नर नसताना पिल्लं निघाली ही थाप, आणि हा विलायती पक्षी आपल्या हवेत जमतच नाही. एका कमेंटमध्ये एवढं सगळं, पण ठीक आहे, बारा अंडी गेल्यावर माणूस चिडणारच.

तर आधी माझी चूक. टर्कीचं अंडं फुटायला 28 दिवस लागतात आणि हे मी लेखात लिहिलंच नव्हतं. बदकालाही 28 लागतात, ते आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ, म्हणून टर्कीचं वेगळं सांगावं असं डोक्यातच आलं नाही. तुम्ही अजून चार दिवस थांबला असतात तर... जाऊ दे, लिहितानाही कसंतरी होतंय. पण दुसरी गोष्ट तुमच्या बाजूने चुकली असणार, गावठीखाली बारा म्हणजे फारच झाली हो. टर्कीचं अंडं 80-85 ग्रॅमचं, गावठीच्या जवळपास दुप्पट, एका टोकाला चांगलं निमुळतं, कवच जाड. गावठीच्या पोटाखाली सहा मावतात, कोंबडी अंगाने मोठी असेल तर सात, बाकीची कडेला गार पडत राहतात आणि ती बिचारी सारखी आतबाहेर करते. आणि आठव्या-दहाव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून बघायचं, आत लाल शिरांचं जाळं दिसलं की अंडं जिवंत. ते केलं असतंत तर 24व्या दिवशी फेकायचं धाडस झालं नसतं.

आता घरट्यात अंडी ठेवण्याचं. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात आणि माझं वाक्य अर्धवट होतं. पण मी तसं का म्हंटलं ते सांगते. कोंबडी कशी, खुराड्यात पेंढा घातलेलं डालं दिसलं की त्यात बसते, अंडं घातलं की गावभर ओरडते. टर्की एकदम उलटी. आमची भुरी म्हणून एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण मादी) होती, तिसाव्या आठवड्यानंतर कधीतरी अंड्यावर येणार म्हणून मी दीड फूट रुंदीचे छान खोके करून ठेवले, तिने ढुंकून बघितलं नाही. रोज दुपारी दीडच्या सुमाराला (टर्की जास्त करून दुपारीच अंडं घालते, सकाळी नऊला खोका तपासून "आज नाही" म्हणू नका) ही गायब. शेवटी पडवीत फोन घेऊन बसले आणि तिच्यावर नजर ठेवली. काय नाटकं करते! आधी विहिरीकडे गेली, मग काही नाहीच असं दाखवत दाणे टिपले, धुळीत लोळली, मान उंच करून मी बघतेय का ते बघितलं, परत गोठ्याकडे आली, असा अर्धा तास, आणि मी एकदा फोनकडे बघितलं तेवढ्यात बाई नाहीशा. तिसऱ्या दिवशी सापडलं, गोठ्यामागच्या करवंदीच्या जाळीत, आणि ते पण पाय पडता पडता वाचला. घरटं कसलं, जमीन उकरून केलेला बशीएवढा खळगा, वर काजूचा सुका पाला पसरलेला, पाला बाजूला केला तर खाली नऊ अंडी, साईच्या रंगाची, त्यावर तपकिरी ठिपके. उठून जाताना अंड्यांवर पाला ओढून जायची रानटी टर्कीची सवय इतक्या पिढ्या माणसाजवळ राहून अजून गेलेली नाही.

तर अशा घरट्यातली सगळी अंडी एकदम उचललीत की ती तिथे परत येत नाही, दुसरी जागा शोधते आणि तुम्ही पुन्हा पडवीत. म्हणून मी म्हंटलं ठेवून द्या. पण तुमचा मुद्दा बरोबर, खरी अंडी एप्रिलच्या उकाड्यात पडून राहिली तर आत अर्धवट वाढ सुरू होते आणि गर्भ मरतो, शिवाय मुंगूस आहेच. म्हणून रोजचं अंडं रोज उचला, आणि जागेवर पेन्सिलने फुली मारलेली दोन कोंबडीची अंडी ठेवा. तिला फरक कळत नाही. अंडी न उचलता दहा-बारा एका जागी झाली आणि तिच्या मनात आलं की ती खुडूक होते, मग अंडी घालणं बंद, चपटी होऊन बसते, दिवसातून एकदाच उठते, खाते, पाणी पिते, एक भयंकर वासाची मोठी शी करते आणि परत. दोघींनी एकच घरटं धरलं तर मात्र एकीला उचला. माझ्याकडे दोघी एकमेकींच्या खालची अंडी ओढत बसल्या आणि दोघींचं मिळून चारच फुटलं.

नर नसताना पिल्लं, ही थाप नाही हो. नर मी मार्चमध्ये विकला आणि पाच आठवड्यांनंतरच्या अंड्यांतूनही पिल्लं निघाली, कारण टर्कीच्या मादीच्या अंगात नराचं बीज साठवायच्या बारीक नळ्या असतात, एकदा नर लागला की कितीतरी आठवडे पुरतं. याहून अजब म्हणजे अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात 1950च्या दशकात नराचा संबंधच न आलेल्या माद्यांच्या अंड्यांत गर्भ वाढलेले सापडले, बहुतेक मध्येच मेले, थोडी पिल्लं फुटली आणि जी फुटली ती सगळी नर. तसं माझ्या गोठ्यात झालं असा माझा अजिबात दावा नाही, माझ्याकडे साधा साठा होता.

आणि विलायती म्हणाल तर हा पक्षी मुळात मेक्सिकोकडचा, बर्फातला नाही. जहांगीर बादशहाकडे 1612मध्ये टर्की गेली ती गोव्याहूनच, आणि त्याच्या दरबारातल्या मन्सूर या चित्रकाराने तिचं चित्र काढलं. अंडी कमी मिळतात ते खरंय, पण त्याचं कारण दिवसाची लांबी. तिला 14 तास तरी उजेड लागतो आणि कोकणात जूनमध्येसुद्धा दिवस तेराच्या आसपासच, म्हणून संध्याकाळी एक बल्ब लावला तर वर्षाला 60 ते 100 अंडी होतात. कोंबडीसारखी दोनशे मागू नका.

तुमची खुडूक कोंबडी अजून बसलेली असेल तर सांगा. माझ्याकडे या आठवड्यातली सहा अंडी आहेत, पैसे नकोत. एसटीच्या धक्क्यांतून येतील, त्यामुळे घरी पोचल्यावर निमुळती बाजू खाली करून एक दिवस तशीच ठेवा, मग रात्री अंधारात कोंबडीखाली सरकवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर अठ्ठाविसाव्या दिवसाला आताच गोल करून ठेवा.