मांजरीचं पाणी कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुण्याच्या पूर्वेला लागून असलेल्या आमच्या गावावरच्या, मांजरी बुद्रुकवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. पाटबंधारे खात्यात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने एवढ्या बारकाईने वाचावं, याचं मोल मला आहे. तुमचे आक्षेप तीन. गडकोट नाही, लढाई नाही, त्यामुळे मांजरीला इतिहास असा नाहीच. जे काही आहे ते खडकवासला धरणाचं पाणी कालव्याने आल्यानंतरचं. दुसरा, ते पाणी मुळात पुण्याच्या पिण्यासाठी होतं, उरलेलं शेतीला मिळत गेलं आणि ऊसवाल्यांनी ते हक्काचं समजून उधळलं. तिसरा, शहराच्या सांडपाण्यावर पोसलेल्या गावाने त्याच सांडपाण्याबद्दल तक्रार करू नये. ‘उपकारावर उभं राहिलेलं गाव’ हे तुमचे शब्द.

आधी माझी चूक कबूल करतो. कालवा फक्त शेतीसाठी काढला होता, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. १८७९ साली धरण पुरं झालं, तेव्हा पुणे शहर, लष्कर आणि खडकी यांना पिण्याचं पाणी देणं हा त्या योजनेचा भाग होताच. ते वाक्य मी दुरुस्त केलं आहे. पण ‘उरलेलं शेतीला’ हे मात्र मला मान्य नाही. पाणी फक्त शहराला द्यायचं असतं तर कालवा पर्वतीच्या पायथ्याशी थांबला असता. तो हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, उरुळी असा शंभर किलोमीटरहून लांब थेट दौंड तालुक्यापर्यंत नेला, आणि वाटेत जागोजाग चाऱ्या, म्हणजे शेतांकडे जाणारे लहान पाट, काढल्या. एवढी खोदाई उरल्यासुरल्या पाण्यासाठी कुणी करत नाही.

आता इतिहासाकडे येतो, कारण तो आक्षेप मला जास्त लागला.

मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एक होतात आणि पूर्वेला रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतात. या वाटेवर शहर सोडल्यासोडल्या मांजरी लागतं. नदीच्या दक्षिणेला बुद्रुक, उत्तरेला खुर्द, म्हणजे थोरली आणि धाकटी मांजरी. घाटमाथ्यावरचा पाऊस इथे पोचेपर्यंत विरळ होतो. पानशेतकडे जून-जुलैत आभाळ फाटतं, तेव्हा आमच्याकडे भुरभुर असते. म्हणून नदी भरून वाहायची आणि तिच्या काठची बाजरी पावसाची वाट बघायची. पात्र खोल, दरडी उंच. पाणी डोळ्यांना दिसायचं, शेतात यायचं नाही. कालव्याआधीची मांजरी समजून घ्यायची तर ही एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

जमीनही सगळी एका जातीची नाही. नदीकडेला गाळाची मळई, मग भारी काळी, आणि सोलापूर रस्त्याच्या बाजूला चढ लागला की मुरूम. आमच्या घरात अजूनही ‘मळईतलं’ आणि ‘माळावरचं’ असंच म्हणतात, गट नंबर कुणाच्या तोंडी नाही. मळईत शाळू आणि हरभरा, माळावर बाजरी आणि मटकी, आणि ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आणि दावणीला बैल त्याचा मोटेवरचा थोडा बागायत. गाव म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी, ही विभागणी आपल्याकडे फार जुनी. काळीत कोण काय पिकवतो आणि पांढरीत कोण कुठे राहतो, यावर गावाचा सगळा व्यवहार बेतलेला असे. हे गावाचं चरित्र आहे. त्यात तलवार नाही म्हणून ते इतिहासातून बाद होत नाही.

गावाचे बदलही काही एकट्या पाण्याने झालेले नाहीत. १८५८ साली पुण्याहून पूर्वेकडे रेल्वे सुरू झाली, म्हणजे रूळ धरण पुरं होण्याच्या वीस वर्षं आधीचे. तुकोबांची पालखी दरवर्षी याच रस्त्याने लोणी काळभोरच्या मुक्कामाला जाते. थोडं पुढे थेऊर, जिथे १७७२ साली माधवराव पेशव्यांनी देह ठेवला. मांजरी या सगळ्याच्या वाटेवर आहे, आणि वाटेवरच्या गावाला घडामोडींची झळ लागतेच. धरणाचं काम चालू असतानाच १८७६ ते ७८चा मोठा दुष्काळ पडला. त्याच्या एकच वर्ष आधी, मे १८७५ मध्ये, याच जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून घेऊन जाळले होते. कालव्याचं पाणी आलं ते अशा कर्जात आणि दुष्काळात होरपळलेल्या मुलखात. हे बाजूला ठेवून आपण नुसतं ‘उपकार’ म्हणालो, तर तो उपकार कुणावर आणि कोणत्या स्थितीत झाला, ते कळत नाही.

आणि तो फुकट तर नव्हताच. पाणीपट्टी पहिल्या दिवसापासून होती. महात्मा फुल्यांनी खडकवासल्याच्या बांधकामाला माल पुरवण्याची कंत्राटं घेतली होती आणि मांजरीला त्यांची शेतीही होती. म्हणजे धरण आणि शेत, दोन्ही टोकं त्यांनी जवळून पाहिलेली. १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पाटबंधारे खात्यावर कोरडे ओढले आहेत. पट्टी वसूल होते, पण वेळेवर पाणी पोचतं की नाही याची चौकशी साहेबलोक करत नाहीत आणि पिकं वाळतात, हा त्यांचा मुद्दा. त्याच पुस्तकात त्यांनी डोंगरउतारांवर ताली-बंधारे घालून पाणी मुरवण्याचा उपायही सांगितला आहे. धरण पुरं होऊन जेमतेम चार वर्षं झालेली असताना केलेलं हे लेखन आहे. मांजरीच्या इतिहासाचं पान हवं असेल तर मी हेच पुढे करीन.

ऊसवाल्यांनी पाणी उधळलं, या आरोपाचं उत्तर जरा लांबवर जातं.

दख्खनमध्ये कालवे आले तेव्हा शेतकऱ्यांच्या त्यावर उड्या पडल्या नाहीत. पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीला कालव्याचं पाणी कोण घेणार? पट्टी भरायची कशासाठी? पण धरणाचा खर्च तर निघायला हवा. ऊस बारमाही पाणी पितो आणि पाणीपट्टीही सर्वांत जास्त देतो. तेव्हा ऊस सरकारलाच हवा होता. इंग्रजी अमदानीत मांजरीला उसाच्या प्रयोगांचं सरकारी शेत निघालं, सोलापूर रस्त्यावर ‘मांजरी फार्म’ हे नाव अजून चालतं ते त्यामुळेच. इथेच बसवलेली लागवडीची ‘मांजरी पद्धत’ पुढे दख्खनच्या कालव्यांवर शिकवली गेली. उसाच्या जातीही बदलत गेल्या, आधी पुंड्या, मग कोइमतूरच्या जाती, मग को ७४०. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी काढलेली संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तीही मांजरीतच. म्हणजे शंभर वर्षं सरकारने आणि सहकाराने ज्या गावाला ऊस शिकवला, त्याच गावाने ऊस लावला म्हणून आता ते दोषी, हे मला पटत नाही.

दोष आमचा अजिबात नाही, असं मी म्हणत नाही. माझ्या आजोबांच्या हयातीत मळईतला एक तुकडा चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, झाला. पाळी आली की दार उघडून रात्रभर पाणी सोडायचं, पुढची पाळी चुकेल या धास्तीने गरजेपेक्षा जास्त घ्यायचं, आणि निचरा काढायचा नाही. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर मिठासारखा पांढरा थर येई. आजी त्याला ‘रानाला कोड फुटलंय’ म्हणायची. ते रान अजून पूर्ण सुधारलेलं नाही. त्याला जबाबदार आमचं पाणी आणि आमचेच हात, हे मी लेखात लिहायला हवं होतं. तुमच्या टोकण्यामुळे आता लिहिलं आहे.

आता सांडपाणी. इथे मी मागे हटणार नाही, कारण हे रोज अंगावर येतं.

शहराची घाण मांजरी-मुंढवा-हडपसरच्या शेतांनी काल-परवापासून घेतलेली नाही. कालवा आल्यावर ऊस वाढला, उसाला खत हवं, आणि पुण्याचा मैला राखेत मिसळून, वाळवून सोनखत म्हणून शेतकऱ्यांना विकला जाई. आधी लोक शिवायला तयार नसत, मग त्यालाच मागणी आली. त्या सोनखतावर पोसलेल्या उसाचा रस इथल्या गुऱ्हाळांत काईलीत आटला आणि त्याचा गूळ पुण्याच्याच पेठांत गेला. शहराने टाकलं ते गावाने घेतलं आणि खायला परत दिलं. यात उपकाराची भाषा कुणी कुणाला करावी?

आजचं पाणी मात्र त्या सोनखतासारखं नाही. जुना कालवा, ज्याला आता सगळे बेबी कालवा म्हणतात, त्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, उपसलेलं नदीचं पाणी सोडतात. करार असा होता की पुण्याने वर्षाला साडेअकरा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी घ्यावं आणि त्यातलं साडेसहा टीएमसी प्रक्रिया करून शेतीला परत द्यावं. कागदावर हे उत्तम आहे. बांधावर उभं राहिलं की पाण्याला फेस दिसतो, वास येतो, आणि ज्याच्या पायाला खरूज नाही असा दारे धरणारा गडी सापडत नाही. कालव्यालगतच्या आमच्या विहिरीचं पाणी माझ्या लहानपणी आम्ही ओंजळीने पीत होतो. आता ते जनावरं तोंड लावून सोडून देतात.

तुम्ही विचारलंत, मग ठिबक का करत नाही? आम्ही केलं. दोन एकरांत स्वतःच्या पैशाने केलं. या पाण्यातला गाळ आणि शेवाळ ड्रिपरमध्ये बसतं. फिल्टर दिवसातून तीनदा धुवावा लागतो, आम्लाने नळ्या साफ कराव्या लागतात, आणि दोन हंगामांत नळ्या गेल्या. स्वच्छ पाणी असेल तर ठिबक, घाण पाणी असेल तर पाट, हे आमच्याकडे असं ठरून जातं. पाणी वाचवा म्हणणाऱ्याने आधी वाचवण्याजोगं पाणी द्यायला हवं.

लोक त्यातूनही वाट काढतातच. ज्यांच्या बोअरला पाणी आहे ते पालेभाज्या करतात आणि मांजरीच्या उपबाजारात स्वतः विकतात. दुपार टळली की तिथे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग लागतात. ज्या गावाला इतिहास नाही म्हणता, त्याचं नाव द्राक्षाच्या वेलींनाही लागलं आहे. इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने काढलेल्या जाती ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’, ‘मांजरी किशमिश’ अशा नावांनी ओळखल्या जातात. त्या लावणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की मांजरी हे नदीकाठचं एक गाव आहे?

पण काळी आटते आहे. २०१७ साली साडेसतरा नळी हे शेजारचं गाव महापालिकेत गेलं, २०२१ साली मांजरी बुद्रुक. माळावरचं जवळजवळ सगळं बांधकामाखाली गेलं, आता मळईची पाळी आहे. खडकवासला ते फुरसुंगी बोगद्यातून पाणी न्यायचं ठरलं आहे. म्हणजे शहरातला उघडा कालवा उद्या रिकामा होईल, आणि त्याच्या जागेवर रस्ता करायचा की आणखी काही, याची चर्चा आजच सुरू झाली आहे. बोगद्यातून येणाऱ्या पाण्यात मांजरीच्या चाऱ्यांचा वाटा किती, हे मात्र त्या चर्चेत मला कुठे ऐकू आलं नाही. माझा मूळ लेख मी याच काळजीपोटी लिहिला होता. त्यात गावाचं कौतुक जास्त झालं असेल, तर ते प्रेमापोटी झालं.

एक विनंती आहे. आजोबा शेजपाळीच्या, म्हणजे शेतांना पाळीपाळीने पाणी देण्याच्या, गोष्टी सांगायचे. पाटकरी रात्री कंदील घेऊन यायचा, कुणाचं दार किती तास हे वहीत लिहिलेलं असायचं, आणि त्यावरून बांधावर भांडणं व्हायची. आमच्याकडे त्यातला एकही कागद नाही. १९६१ साली पानशेत फुटलं, त्या पुरात खडकवासल्याचं धरणही गेलं, तेव्हा पुढच्या हंगामांत खालच्या चाऱ्यांना पाणी कसं दिलं, पाळ्या कशा लावल्या, हे मला कुणीच सांगू शकलेलं नाही. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा ते दिवस पाहिलेली माणसं खात्यात होती. त्यांच्याकडून काही ऐकलं असेल, तर खाली लिहा. मी ते लेखात तुमच्या नावानिशी घालीन, माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं असलं तरी.